मापाचा झंपर

दुपारचे अडीच वाजलेत. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीतल्या 'पोरे टेलर्स'चं शटर गुडघ्याएवढं उघडं आहे, आणि आत, कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकून कुमुद पोरे आडवी झालीय. झोपायला नाही बरं का. एकोणसाठ वर्षांची झाली, पण ही बाई दुपारी कधी झोपलेली नाही, ती फक्त पाठ टेकते. घोरत असताना उठवून विचारलं तरी हेच सांगेल.

आज पाठ टेकायला कारणही आहे. जेवताना सुनेशी वाजलंय. सून म्हणजे स्वप्नाली, दीड वर्षापूर्वी या घरात आलेली, स्वभावाने गरीब. "आई, उद्या दहाला मिरजेची वेळ दिलीय डॉक्टरांनी," एवढंच ती म्हणाली होती. कुमुदने भात कालवता कालवता सांगून टाकलं, "मी येणार नाही. फोन करून कळव त्यांना." स्वप्नालीने विचारलं, मग पुढे काय. "पुढे काय असतं ते मी बघितलंय," कुमुद म्हणाली. त्यावर ती गरीब पोरगी ताटावरून उठली आणि आत जाऊन बसली.

फाईल टेबलावर पडलीय, कुमुदच्या डोक्याच्या बरोब्बर वर. उजव्या फुप्फुसात गाठ निघालीय तिच्या. सुईने तुकडा काढून झाला, पेट स्कॅन झाला, आता एक शेवटचा रिपोर्ट तेवढा उद्या मिळायचा आणि उपचार ठरायचे. मुलगा हेमंत चाकणला कंपनीत असतो, तो रोज फोनवर घसा कोरडा करतो, "आई, बाबांचं वेगळं होतं, तुझं वेगळं आहे." कुमुद सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "कॅन्सर तो कॅन्सर. त्यात काय वेगळं असायचंय?" आणि फोन ठेवून देते.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. तिचा नवरा रंगनाथ, याच दुकानातला जेन्ट्सचा कारागीर, तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेला. सहा केमो झाल्या, डोक्याला रेडिएशनची लाईट दिली, आणि चौदा महिन्यांत अंगातला शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला. उलटीचं भांडं धरायला हीच होती. शेवटी न्यायच्या वेळी तिने त्याला स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला आणि कुणाचं लक्ष नसताना त्याच्या खिशात त्याचा निळा खडू सरकवला. शिंप्याचा खडू हो, कापडावर रेघा मारायचा, झिजून नखाएवढा उरलेला. त्या दिवसापासून दुकानात निळा खडू आलेला नाही. ती पांढऱ्यावर भागवते.

तर कुमुद पडलीय. पंखा गरगरतोय. समोरच्या भिंतीवर खुंट्यांना मापाचे झंपर, म्हणजे जुने ब्लाउज, लटकलेत. अंगावर टेप लावून घ्यायला या भागातल्या जुन्या बायका आजही संकोचतात, मग नीट बसणारा एखादा जुना झंपर आणून देतात आणि म्हणतात, याच्यावर शिवा. निम्मं दुकान त्यावर चालतं. पंख्याच्या वाऱ्याने ते झंपर हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. कुमुदचे डोळे मिटतात, उघडतात, अर्धे मिटतात.

आणि मशीन सुरू होतं.

तिला वाटतं, स्वप्नाली आली असेल. पण स्वप्नालीचं मशीन मोटरचं आहे, ते गुरगुरतं. हे पायाचं आहे. दर फेऱ्याला टक् करतंय, पट्ट्याचा जोड चाकावरून जातो तेव्हा व्हायचं तसं. हे मशीन तीन वर्षं कोपऱ्यात चादर पांघरून उभं आहे. कुमुद पडल्या पडल्या वळून बघते. टेबलाच्या पायांमधून दोन पाय दिसतात, खालीवर होणारे, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

"अहो?"

"पड तू. बाही जोडतोय."

ती टेबलाखालून बाहेर येते. गुडघे दुखत नाहीत हे तिच्या लक्षातही येत नाही. रंगनाथ पाठमोरा बसलाय. डोक्यावर केस आहेत, सगळेच्या सगळे, मानेवर जरा वाढलेले. ती त्या मानेकडे बघत उभी राहते. हात लावावा असं फार वाटतं, पण लावला आणि काही नसलंच तर, म्हणून हात मागे बांधून घेते.

"जेवलात का?" तीन वर्षांनी माणूस भेटला आणि बाई हे विचारते.

"भूक नसते गं. ही कॉलर कुणी केलीय?"

"मी."

"वाटलंच. एक टोक आभाळाकडं, एक सांगलीकडं."

तिला राग येत नाही. ती जवळच्या स्टुलावर बसते आणि म्हणते, "तुम्ही नाही म्हणून जेन्ट्सचं बघते मी. मला कुठं येतंय त्यातलं." तो दोरा दातांनी तोडतो, कापड झटकतो, आणि दुकान लांब व्हायला लागतं.

भिंती मागे मागे जातात. खुंट्या तिथेच आहेत, पण त्यांना झंपर नाहीत. एक्स-रे लटकलेत, काळे, पंख्याच्या वाऱ्याने खुळखुळ वाजणारे. बाकांवर माणसं बसलीत, हातात टोकन, काखेत प्रत्येकाच्या एकेक घडी घातलेला कपडा. इस्त्रीचा वास येतो आणि स्पिरिटचा येतो. कुमुदच्या हातात पंचवीस नंबरचं टोकन आहे. पार दुसऱ्या टोकाला, काउंटरमागे, गळ्यात टेप टाकून रंगनाथ उभा आहे, आणि चालायला सुरुवात करेपर्यंत ती त्याच्यासमोर पोचलेली असते.

"मापाचं आणलंय का?" तो गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारतो.

"आणलंय."

ती पिशवीत हात घालते. बाहेर येतो तो त्याचाच करड्या रंगाचा शर्ट, आणि त्याच्या घडीतून त्याचा एक्स-रे. ती दोन्ही काउंटरवर मांडते आणि हाताने सारखं करते. तो एक्स-रे उचलतो, दिव्यासमोर धरतो.

"हे कुणाचं?"

"तुमचं."

"आणि शिवायचं कुणाला?"

ती शर्टाची बाही घडीत सारते. तो एक्स-रे खाली ठेवतो आणि बोट टेकवतो. "हा माझा. बारीक पेशींचा. विड्या ओढणाऱ्यांना जास्त करून होतो, आणि मी पंचवीस वर्षं ओढल्या. सापडला तोवर चहूकडं पसरलेला होता. अशाला सहसा कापत नाहीत, औषधावरच घ्यावं लागतं. औषधाने भराभर विरघळतो आणि तेवढाच भराभर परत येतो. माझा चार महिन्यांत आला, डोक्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"डॉक्टरांनी. तू शेजारच्या खुर्चीवर होतीस, पदर चावत."

खरं आहे ते. तिला ती खुर्ची आठवते. काउंटरच्या पलीकडे आता तीच खुर्ची आहे आणि ती तिच्यावर बसलीय.

"तुझा बारीक पेशींचा आहे?" तो विचारतो.

"नाही म्हणाल्या मिरजेच्या डॉक्टरीणबाई."

"मग कसला आहे?"

"दुसरा. असतो काहीतरी."

"काहीतरी म्हणून शिवतं का कुणी? पुढचा गळा काहीतरी, बाही काहीतरी?"

"अडेनोकार्सिनोमा," कुमुद म्हणते. शब्द एका दमात येतो आणि ती स्वतःच चपापते. "विडी न ओढणाऱ्या बायकांनाही होतो म्हणे. फुप्फुसाच्या कडेला धरतो. सावकाश वाढतो."

"मग माझा शर्ट काय म्हणून आणलास?"

ती शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहते. मागच्या बाकांवरची माणसं उठून गेलीत, फक्त एक्स-रे वाजतायत.

"खण उघड," रंगनाथ म्हणतो.

"नको."

"उघड गं."

मशीनचा खण तो. कुमुद ओढते. बॉबिन नाहीत, हुक नाहीत, सगळा खण एकाच चिठ्ठीने भरलेला आहे, त्याच एका चिठ्ठीच्या शंभर घड्या. तिला वाचायची गरज नाही. रंगनाथला खोकला सुरू झाला, एक्स-रेवर डाग दिसला, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ही चिठ्ठी. नळी घालून तपासून घ्या, तुकडा काढून घ्या, असं लिहिलेलं. त्याने ती दुकानात आणली, कुमुदच्या हातात दिली आणि म्हणाला, ठेव खणात. तिने ठेवली. सात महिने तिने त्या खणातून बॉबिन काढल्या आणि चिठ्ठी बाजूला सारली.

"मी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणते. "मला दिसत होती ती रोज. तुम्ही चिडाल म्हणून गप्प बसले मी. माझ्यामुळं गेलात तुम्ही."

"तुझ्यामुळं काय. आमच्या आप्पांना टीबी होता. त्यांच्याही एक्स-रेवर डाग, माझ्याही एक्स-रेवर डाग. मी म्हटलं, झालं, आप्पांचंच दुखणं आलंय अंगावर. तपासायचं कशाला? ओळखीने गोळ्या मिळवल्या आणि सात महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. डॉक्टर ओरडले तेव्हा म्हटलं, आमच्या घरातलं दुखणं आम्हाला कळतं." तो हसतो, पण ओठांनीच. "जन्मभर लोकांना सांगत आलो, मापाचा कपडा बापाचा आणू नका. आणि स्वतःच्या वेळेला बापाचाच नेऊन दिला."

"तपासलं असतं तर राहिला असतात?"

"ते मला ठाऊक नाही, कुमुद. आमचा तो प्रकारच वाईट. कदाचित नसतो राहिलो. पण माप माझं असतं."

तिला रडू येतं. तीन वर्षं खणात ठेवलेलं रडू आहे ते, ते काही शहाण्यासारखं येत नाही, नाकातोंडातून येतं. रंगनाथ तिला उगी म्हणत नाही. तो गळ्यातला टेप काढतो आणि हातात ताणतो.

"उठ. उभी राहा. माप घेतो."

अडतीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं माप कधी घेतलेलं नाही. लेडीज तिच्याकडे, जेन्ट्स त्याच्याकडे, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून. तिचे झंपर तीच शिवायची, जुन्यावरून नवा, नव्यावरून आणखी नवा. ती उभी राहते आणि नव्या नवरीसारखी लाजते, काय बोलायचं आता. ट्रायल रूमचा पडदा सरकतो. आत आरसा नाही. पांढरं गोल मशीन आहे, माणूस आत जाईल एवढं, आणि त्याच्यासमोर रंगनाथची मापांची वही, रबर लावलेली.

"श्वास घे. धरून ठेव. सोड," मशीनमधून कुणीतरी म्हणतं. मग त्याच आवाजात रंगनाथ म्हणतो, "हात वर कर."

टेप पाठीवरून येतो. गार आहे. त्याचा हात मात्र गार नाही. कुमुद डोळे मिटून घेते आणि मनात म्हणते, सावकाश घ्या हो, घाई नाही.

"केवढी आहे?"

"साडेतीन सेंटीमीटर."

"कुठं?"

"उजवीकडं. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यातल्या खालच्यात."

"शेजारी कुठं शिरलीय?"

"तिथल्याच एका अवधाणात, लिम्फ नोड म्हणतात त्यात. लहान आहे म्हणाल्या."

"लांब? डोकं, हाडं, लिव्हर?"

"नाही. पेटमध्ये कुठं उजळलं नाही. डोक्याचा फोटोही साफ आहे."

तो वहीत लिहितो. पेन्सिलचं टोक जिभेला लावतो, नेहमी लावायचा तसं. "म्हणजे पायरी कितवी?"

"दुसरी. चार असतात."

"आणि माझी?"

"तुमच्या प्रकाराला डॉक्टर एवढंच बघत होते, छातीत एका बाजूला आटोक्यात आहे का बाहेर पसरलाय. तुमचा पसरला होता." हे बोलताना तिचा आवाज उतरतो. दोन मापं वहीच्या समोरासमोरच्या पानांवर आहेत आणि ती तिला दिसतायत. एकही आकडा जुळत नाही.

"दुसऱ्या पायरीला काय करतात?"

"ऑपरेशन. तो खालचा भाग काढून टाकतात, अवधाणं काढतात. मग सलाईनमधून औषध, चार वेळा. आणि तुकड्याची ती बारीक तपासणी केलीय ना, त्यात पेशींच्या जीनमध्ये अमुक एक बदल निघाला, तर वर तीन वर्षं रोज एक गोळी."

"निघाला?"

"उद्या कळणार."

"आणि एवढं करून बरं होणार का?"

"होऊ शकतं म्हणाल्या. नक्की म्हणाल्या नाहीत. नक्की कुणाला सांगता येत नाही म्हणाल्या."

तो एक ओळ मोकळी सोडतो, खाली रेघ मारतो आणि वही मिटून रबर लावतो. "हेमंतला सांगतेस मला काही कळत नाही म्हणून. इथं तर सगळं पाठ आहे."

चोरी पकडली गेल्यावर माणूस दुसरीकडे बघतं. कुमुद दुसरीकडे बघते, तर पडद्यापलीकडे मिरजेचा एसटी स्टँड आहे. उन्हं उतरलीत. फलाटावर गाड्या उभ्या आहेत आणि कुठल्याच गाडीला पाटी नाही. दोघं सिमेंटच्या बाकावर बसलीत, केमो झाल्यावर बसायची त्याच बाकावर, आणि मधे दोन ग्लास उसाचा रस आहे.

हा रस तिला ओळखू येतो. तिसऱ्या केमोनंतर याच बाकावर त्याने मागितला होता. "अर्धा ग्लास घेऊ का गं?" एवढंच म्हणाला होता. बाहेरचं काही द्यायचं नाही, जंतू लागतील, अशी सूचना होती, म्हणून ती नको म्हणाली. त्याने पुन्हा मागितला नाही. बाकी सगळं विसरेल कुमुद, हे विसरत नाही. तीन वर्षं ती रसवंतीसमोरून जाताना तोंड फिरवते.

आता तो ग्लास उचलतो आणि घटाघटा पितो. मिशीला फेस लागतो. तिला इतकं बरं वाटतं की ती आपलाही ग्लास उचलते. तो तिच्या ग्लासवर पंजा ठेवतो.

"हा नको."

"का?"

"दोन्ही माझे आहेत."

"मला द्या ना एक," कुमुद म्हणते, आणि मग जे इतके दिवस सुनेला, मुलाला, डॉक्टरीणबाईला, देवाला कुणालाच सांगितलं नाही ते बोलते. "मला तुमच्याबरोबर यायचंय. मी काही भिऊन नको म्हणत नाही उपचाराला. मला तुमच्यासारखंच व्हायला पाहिजे होतं. तेच दुखणं, तोच रस्ता. म्हटलं, त्याच रस्त्याने गेलं म्हणजे शेवटी तुम्ही असालच."

रंगनाथ ग्लासवरचा हात काढत नाही. समोरच्या पाटी नसलेल्या गाड्यांकडे बघतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे की तो रस डोळ्यांत उतरलाय, तिला कळत नाही.

"मलाही करमत नाही गं," तो म्हणतो. "तुझ्या मशीनचा आवाज लागतो कानाला. पण माझ्या मापाचं तुझ्या अंगात घालून तू आलीस, तर मी ओळखणार नाही तुला. मी म्हणेन, कुणी शिवलंय हे, बाईच्या अंगाला बसत नाही."

"मग मी काय करू?"

"पाठ कर इकडं."

ती बाकावरच वळून बसते. तो झंपराच्या पाठीवर हाताने कापड सारखं करतो, उजव्या खांद्याच्या खाली, जिथे डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं होतं तिथे. मग खडू टेकतो. कापडावर खडू ओढल्याचा तो बारीक आवाज, तिने अडतीस वर्षं ऐकलेला. एक रेघ खाली येते.

"वळू नको. वाकडी होईल."

ती वळत नाही. दुसरी रेघ. तिसरी. ती श्वाससुद्धा हळू घेते, कारण खडू चालू आहे तोवर तो मागे आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. आणखी चार रेघा मारा, ती मनात म्हणते. सगळी पाठ भरून टाका. खडू उचलला जातो. मग मधोमध एकदाच टेकतो, जरा दाबून.

"झालं?" ती विचारते.

मशीन टक् करतं. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा टक्. मग नुसता पंखा.

"आई. आई, चहा आणलाय."

कुमुद डोळे उघडते. वर टेबलाची खालची बाजू आहे, जुन्या खिळ्यांची. शटरखालून आलेलं ऊन पायांपर्यंत पोचलंय. स्वप्नाली उकिडवी बसलीय, हातात दोन कप, डोळे सुजलेले. भांडून ताटावरून उठली होती, पण चहा दोघींचा केलाय पोरीने.

"झोपला होतात," ती म्हणते.

"पाठ टेकली होती," कुमुद म्हणते आणि टेबलाचा पाय धरून बाहेर येते. गुडघे नेहमीसारखे दुखतात. कोपऱ्यातलं मशीन चादर पांघरून तसंच उभं आहे. ती चादरीकडे बघत राहते. तिला वाटतं, आता रडू येईल, पण ते सगळं तिकडेच सांडून आलंय.

"आई, पाठीला काय लागलंय तुमच्या?"

"कुठं?"

"इथं, उजव्या खांद्याखाली. खडू आहे वाटतं. निळा." स्वप्नाली कप खाली ठेवते. "पण आपल्याकडं निळा खडू कुठाय?"

कुमुद हलत नाही. "नुसता लागलाय, का काही काढलंय?"

"काढल्यासारखंच दिसतंय. त्रिकोण आहे. आणि मधे टिंब." ती हात वर करते. "थांबा, झटकते."

"झटकू नको."

स्वप्नालीचा हात तसाच राहतो. तिने सासऱ्यांना फोटोतच पाहिलंय, तिला कसं माहीत असणार. मापाच्या कपड्याबद्दल शंका आली, की रंगनाथ त्या गिऱ्हाइकाच्या कापडावर निळ्या खडूने त्रिकोण काढायचा आणि आत टिंब द्यायचा. मग ते कापड कुणी कात्रीला लावायचं नाही. निरोप धाडायचा, की आणलेल्या कपड्यावर शिवता येणार नाही, माणसाने स्वतः यायचं.

कुमुद चहा उचलते. निम्मा पिते, कप ठेवते, टेबलावरची फाईल काढून सुनेच्या हातात देते.

"हे आज वाच मला. पहिल्या कागदापासून, सावकाश. काही राहिलंय का ऐकायचं ते बघू. आणि उद्या दहाची वेळ आहे ना? आठची गाडी धरू."

स्वप्नाली फाईल छातीशी धरते. "फोन करून नाही म्हणून कळवायचं म्हणत होतात ना तुम्ही?"

"मापाला मलाच जायला पाहिजे," कुमुद म्हणते. "आणि येताना स्टँडवर रस पिऊ. तू आणि मी."

स्वप्नाली शटर वर करायला जाते. कुमुद तिकडे पाठ करून घेते, डावा हात खांद्यावरून मागे नेते, मग उजवा खालून वर नेऊन बघते. बोटं ताणते, आणखी ताणते. हात काही तिथवर पोचत नाही.